चाळीस पेट्या आणि एक बोट

३ मार्च, सोमवार

आले एकदाची! दोन बॅगा, एक छत्री आणि ही वही. वही ताईने दिली आहे, रोज हाताने लिहायचं अशी ताकीद देऊन. फोनवर टाइप करून तू सगळं विसरतेस, म्हणे. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी थोरल्या बहिणीचा धाक, काय सांगायचं!

खोली छान आहे. खाली लाँड्री असल्यामुळे फरशी कायम कोमट असते. खिडकीतून समोरच कारखाना दिसतो. कारखाना म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचा एक लांबलचक हॉल. मालक भला माणूस आहे, बोलतो कमी. तळमजल्यावर सुतारकाका पेट्यांची लाकडी खोकी करतात. त्यांनी पहिल्याच दिवशी मला बसायला उशी आणून दिली.

आमचा माल म्हणजे 'पेटी'. शिदोरीच्या डब्याएवढं वाद्य. आत एक छोटा संगणक, तो चालवायला लिनक्स ही प्रणाली. त्याला ना पत्र लिहिता येतं ना सिनेमा दाखवता येतो, वाजण्यापलीकडे त्याला काही ठाऊक नाही. बटण दाबलं की चार सेकंदांत सूर. आतापर्यंत पेटीला गोल खुंट्या होत्या, आता गिऱ्हाइकांना टचस्क्रीन हवा आहे. तो बसवायला मी. वाद्यदुरुस्तीचं दुकान बंद पडल्यावर मला कोणी विचारेल असं वाटलं नव्हतं. आज फार बरं वाटतंय.

५ मार्च, बुधवार

पहिला स्क्रीन उलटा बसवला. वायर आखूड होती म्हणून फिरवून लावला आणि लिनक्सला सांगितलं, चित्र उलटं कर. त्याने केलं शहाण्यासारखं. पण स्पर्श उलटा करायचा हे त्याला वेगळं सांगावं लागतं! उजवीकडे वर बोट ठेवलं की डावीकडे खाली सूर वाजायचा. अर्धा तास माझीच मी फजिती करून घेतली. मालक नुसते हसले.

मग 'बोट शिकवणं'. पडद्यावर एकेक करून नऊ फुल्या येतात, प्रत्येकीवर बोट टेकवायचं, असं तीनदा. प्रत्येकाचं बोट फुलीपासून थोडं चुकतं, आणि ते किती चुकतं हे पेटी लिहून ठेवते. माझं तर चांगलंच चुकतं, डावीकडे. लहानपणी ताईने दार लावलं आणि माझं बोट सापडलं. तेव्हापासून तर्जनी वाकडी. ताई अजून त्या बोटाकडे सरळ बघत नाही.

मालकांचा एक नियम आहे. प्रत्येक पेटीला बोट वेगळं शिकवायचं. एकीचं मेमरी कार्ड काढून दुसरीसाठी नक्कल करायची नाही. का, ते सांगितलं नाही. असेल काहीतरी, मालकांच्या डोक्यात शंभर गोष्टी.

९ मार्च, रविवार

चार वाजता ताईचा फोन. दर रविवारी चारला, हे ठरलेलं. जेवलीस का, केस वाढलेत, अंगावर काय घातलंयस. तिने मला 'ठमे' म्हटलं आणि मला एकदम रडू आलं. सर्दीवर ढकललं.

खरं सांगायचं तर इथे फार एकटं वाटतं. माणसं वाईट नाहीत. पण सहा दिवसांत मला कोणाचा हात लागलेला नाही. दुकानदार पिशवी काउंटरवर ठेवतो, मी उचलते. सुतारकाका लांबूनच मान डोलावतात. दिवसभर मी हात लावते तो काचेला, आणि काचेला तेवढं कळतं. आठवण आली की मी आमची शीळ पेटीवर वाजवते. लहानपणी गल्लीच्या टोकावरून एकमेकींना घालायची शीळ, पाच सुरांची. ताईची आणि माझी, तिसऱ्या कोणाला येत नाही.

१२ मार्च, बुधवार

मालक प्रदर्शनाला गेले, तीन आठवड्यांसाठी. लॅपटॉप आणि कीबोर्डही घेऊन गेले. मागे एका संगीतशाळेच्या चाळीस पेट्या. नऊ फुल्या, तीनदा, चाळीस पेट्या! बोटाची साल निघेल.

मी अक्कल पाजळली. कपाटात कार्डांच्या नकला करायचं यंत्र आहे, एकच बटण असलेलं. पहिल्या पेटीचं कार्ड घातलं आणि माझं बोट एकोणचाळीस वेळा उतरवून घेतलं. दोन तासांत काम फत्ते.

मग मालकांनी लिहिलेली तपासणी चालवली. ती पहिल्या पेटीवर चालते आणि वायरने बाकीच्यांना विचारते. बहुतेक पेट्या सांगतील ते खरं, वेगळी निघेल ती बिघडलेली. मालक मागे म्हणाले होते, यंत्राला कुठे कळतं मूळ कुठलं आणि नक्कल कुठली, ते नुसतं मोजतं. चाळीसच्या चाळीस जुळल्या. मालकांना सांगायची गरज नाही.

१४ मार्च, शुक्रवार

सहा नंबरची पेटी सकाळी आपोआप वाजली. एकच सूर. आमच्या धंद्यात याला भुताचा स्पर्श म्हणतात, आणि त्यात भूतबीत काही नसतं. चार्जर हलक्या प्रतीचा असेल किंवा अर्थिंग नीट नसेल तर काचेला उगाच वाटतं, कोणी हात लावला. मी अर्थिंगची वायर बदलली.

दुपारी अकरा नंबरची वाजली. तिचीही वायर बदलली.

१७ मार्च, सोमवार

पेटी प्रत्येक स्पर्श नोंदून ठेवते. वेळ आणि जागा. आज मी सहा नंबरच्या नोंदी उघडल्या. एक वाजून दहा मिनिटांनी पाच स्पर्श. त्या वेळी मी खाली सुतारकाकांबरोबर डबा खात होते. वर चिटपाखरू नव्हतं.

पाचही स्पर्श डावीकडे चुकलेले. माझं बोट चुकतं तेवढेच.

क्रमाने वाजवून पाहिले. आमची शीळ.

स्वतःला समजावलं. माझं बोट मीच उतरवलंय, ते उमटणारच. पण मी उतरवली ती फक्त चूक, किती डावीकडे एवढी. शीळ मी उतरवली नव्हती.

१९ मार्च, बुधवार

लिफ्टचं बटण लागेना. नुसतं हात लावायचं बटण आहे. दहा वेळा लावला. मागून कोणी बाई आली, तिने एकदाच बोट टेकवलं, दिवा लागला. मला वाटलं, हात कोरडे पडलेत. क्रीम आणली.

संध्याकाळी फोन उघडेना. बोट ओळखेना. आकडे दाबले तर तेही उमटेनात. दुसरं बोट, अंगठा, तळहात, नाकसुद्धा लावून पाहिलं. हसूच आलं आधी.

नंतर नाही आलं.

२३ मार्च, रविवार

चार वाजता फोन वाजला. पडद्यावर ताईचा फोटो, चष्मा डोक्यावर सरकवलेला. मी बोट फिरवलं. फिरवत राहिले. काचेला मी कळतच नव्हते. ती वाजवत होती आणि मी हातात फोन धरून, ताई, ताई, करत होते.

सतरा वेळा केला तिने फोन. मग बॅटरी संपली.

धावत सुतारकाकांकडे गेले. ते रविवारीही कामावर असतात. म्हटलं, काका, तुमचा फोन द्या. रंधा चालू होता, त्यांना ऐकू गेलं नाही. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. वीस दिवसांत पहिल्यांदा मी कोणा माणसाला हात लावला.

त्यांनी वळून पाहिलं नाही. उठले आणि खिडकी लावून घेतली.

२५ मार्च, मंगळवार

काका वर आले. हॉलभर पाहिलं, माझ्याकडेही पाहिलं, पण मी उभी होते तिथे त्यांना भिंतच दिसत असावी. "कुठे गेली ही बाई?" एवढंच म्हणाले. मी समोर होते. हातभर अंतरावर.

पेट्यांच्या लेखी मात्र मी आहे. चाळीसही जणींच्या. दुपारभर शीळ घालतात, एकीने संपवली की दुसरी धरते. मी असते कोपऱ्यात. शहाणपणा नडला मला. एका माणसाचा स्पर्श चाळीस ठिकाणी वाटला, माझ्यासाठी उरला नाही.

पेनाला मी अजून कळते. वही आहे म्हणून आहे.

२६ मार्च, बुधवार

सगळ्या पेट्यांचे प्लग उपटले. एकेक करून.

दहा झाल्या, हात सुन्न. वीस झाल्या, फरशी पायाला लागेना. तिसाव्या प्लगला मला हॉलचं टोक दिसेना, आणि माझं नाव —

घाईघाईने परत लावले. सगळे. शीळ सुरू झाली तेव्हा जीव भांड्यात पडला. केवढी लाज वाटली त्याची.

२८ मार्च, शुक्रवार

एक वाट आहे. पहिल्या पेटीवर तपासणी आपोआप सुरू झाली आहे. पडद्यावर मजकूर आहे: 'एकाच बोटाच्या अनेक प्रती सापडल्या. जादा प्रत पुसायची?' खाली डावीकडे 'नाही', उजवीकडे 'हो'. त्याखाली यादी आहे, पण ती बोटाने सरकवल्याशिवाय दिसत नाही.

नकला पुसल्या की मी परत येईन. येईनच. एका बोटाचं काम. माझ्याकडे तेवढं एक बोट नाही.

दुपारी काका जिन्यात फोनवर बोलत होते. मालकांनी माझ्या अर्जावरून ताईचा नंबर काढला. ती निघाली आहे. सोमवारी पोचेल.

३० मार्च, रविवार

चार वाजले. फोन नाही. ती गाडीत असेल.

ताईसाठी भिंतीवर खडूने लिहायला गेले, खडू धरवेना. पेन धरवतं, जेमतेम. म्हणून इथेच लिहिते, मोठ्या अक्षरांत, आणि वही पहिल्या पेटीजवळ उघडी ठेवते.

ताई, ही वही वाच. पहिल्यापासून वाच. मी इथेच आहे. पहिल्या पेटीवर 'हो' दाब.

३१ मार्च, सोमवार

ताई आली.

किती थकली आहे. चप्पल वेगवेगळ्या जोडांची. काका तिला वर सोडून गेले. तिने वही उघडली, उभ्याउभ्या वाचली. दाराचं आलं तिथे थांबली, तोंडावर पदर धरला. मी तिला मिठी मारली. तिने गळ्यापाशी हात फिरवला, माशी बसल्यासारखा.

पेट्यांनी शीळ घातली. चाळीसही, एकदम. ताईने मान वर केली. रडत रडत शिळेला शीळ घातली. पेट्यांना.

वही टेबलावर ठेवली तिने. मी लिहिते आहे. तिचं लक्ष पडद्याकडे आहे.

चष्मा लावला. बोटाने यादी सरकवते आहे. तिच्या खांद्यावरून मला पहिल्यांदाच दिसते. पेटी १, जुळते. पेटी २, जुळते. जुळते. जुळते.

चाळीस. जुळते.

खाली अजून एक ओळ आहे.

'४१. पेटी नाही. जुळत नाही. जादा प्रत.'

ते मोजतं. नुसतं मोजतं. चाळीस विरुद्ध —

ताई, इकडे बघ. वहीकडे बघ. पेन हलतंय बघ.

ती म्हणते आहे, "आलेच मी, ठमे. तेव्हा तुझं बोट चेंगरलं माझ्यामुळे. आता घाबरू नकोस, मी दाबते."

ताई नको. पुसायची ती मी आहे. जादा मी आहे. 'नाही' दाब, ताई, 'नाही'वर, डावीकडे, तुझं बोट उचल, ताई, उच —