थोपटलं की सोडायचं

१२ एप्रिल

चि. भोवरा यास आत्याचे आशीर्वाद, आजचे जरा रागातले.

तुझ्या मुलीने काल संध्याकाळी माझ्या हॉलमध्ये एका मुलीचं कोपर मोडलं, म्हणून हे पत्र. फोनवर तू मध्येमध्ये बोलतोस, आणि मला सगळं एका दमात सांगायचं आहे.

कोपर मोडलं ती मुलगी बेकरीवाल्याची. टिचकीच्याच वयाची, आणि दर सुट्टीत टिचकी माझ्याकडे ज्युदो शिकायला आली की हीच तिची जोडीदार. टिचकीने तिला खाली घेतलं, तिचा हात दोन्ही मांड्यांमध्ये धरला आणि कोपराचा पेच लावला. पेच सुरेख होता, हे शिकवणारी म्हणून सांगते. बेकरीवालीने मोकळ्या हाताने मॅट थोपटली. आमच्या खेळात थोपटणं हा शेवटचा शब्द. त्यानंतर बोटभरही जोर नाही, हात उघडायचे. टिचकीने उलट कंबर उचलली. आवाज जिन्यावर उभ्या असलेल्या पालकांना ऐकू गेला. कोपर उलट्या बाजूला वाकलं होतं. पोर ओरडलीसुद्धा नाही. त्या हाताकडे बघत राहिली, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे, आणि मग भडाभडा ओकली.

थोपटलेलं ऐकू आलं नाही का, असं मी टिचकीला विचारलं. ती म्हणाली, आलं, आणि ऐकू आलं म्हणूनच जोर लावला. हे बोलता बोलता तिचं तिलाच कळलं आणि ती पांढरीफटक पडली. मग एकेक बाहेर आलं. तुझ्या ‘पालट’ या मारामारीच्या खेळाचा दुसरा भाग बाजारात यायच्या आधीपासून ती घरी बसून तो खेळते आहे, तुला चुका शोधून द्यायच्या निमित्ताने. त्यात म्हणे थोपटलं की सोडायचं नसतं.

पहिल्या भागाच्या वेळी तूच मला अंगाला चिकटणारे काळे कपडे घालून, सांध्यासांध्यावर चकाकते गोळे चिकटवून कॅमेऱ्यांपुढे लोळवलं होतंस. त्या खेळातली माणसं लढता लढता जनावरं होतात, आणि त्यातली तरस होणारी बाई माझ्या अंगाने लढते. तेव्हा दुसऱ्या भागात तिच्याकडून काय करवून घेतलं आहेस, ते मला स्वच्छ कळव.

सूनबाईस आशीर्वाद. टिचकी जेवत नाही, मी आग्रह करत नाही. तुझ्यावरचा लोभ आहे तेवढाच आहे, उत्तर कसंही आलं तरी.

तुझी,
आत्या

१९ एप्रिल

ती. आत्यास सा. न. वि. वि.

पत्र वाचलं. बेकरीवाल्यांना फोन केला. त्यांनी माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि फोन आपटला. बरोबरच केलं.

आता तुझा प्रश्न. पहिल्या भागात समोरच्याने थोपटलं की तरसाची पुन्हा बाई व्हायची, सुटलेला अंबाडा बांधायची आणि वाकायची, तू वाकतेस तशी. दुसऱ्या भागात समोरच्याने थोपटण्याचं बटण दाबलं की तरसबाईला हात तोडायची संधी मिळते. तेवढ्या क्षणात आपण बटण दाबलं तर ती जबडा आवळते, हात खांद्यापासून उपटते आणि पडदा रक्ताने भरतो. कल्पना माझीच. साहेबांना इतकी आवडली की जाहिरातीत तीच घातली.

आणि आत्या, खेळणाऱ्यांनाही आवडली. अभिप्रायांची पाने सोबत जोडली आहेत. एक म्हणतो, “पहिला भाग म्हणजे शाळेतला पीटीचा तास. आता कुठे लढाई झाली.” दुसरा म्हणतो, “हाड तुटल्याचा आवाज हेडफोन लावून ऐका. जीव गार होतो.” तिसरा म्हणतो, “अजगर होणारा पहिलवान फुसका करून टाकलाय, गरुड होणारीला उडताच येत नाही, पण तरसबाईसाठी सगळं माफ. मी आधी थोपटू देतो, गयावया करू देतो, मग तोडतो.” शिव्या घालणारेही आहेत, पण त्या बहुतेक अजगरापायी.

एवढे लोक खेळतात, ते उठून कुणाची कोपरं मोडत नाहीत. टिचकी चुकली, पण दोष खेळाला कसा देणार? पेच तर ती तुझ्याकडूनच शिकली ना? रागावू नकोस. तू रागावलीस की मला या वयातही उठाबशा काढाव्याशा वाटतात.

टिचकीला जवळ घे. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा,
भोवरा

२७ एप्रिल

चि. भोवरा यास आशीर्वाद.

पाने वाचली. लाल पेन हातात घेतलं होतं, ते खाली ठेवलं.

मंगळवारी बेकरीवाला हॉलमध्ये आला. हात पिठाने भरलेले, तसाच. त्याने टिचकीचं मनगट धरून हात पाठीमागे पिरगाळला आणि म्हणाला, आता तुलाही कळू दे. टिचकीने सुटायचा प्रयत्नच केला नाही. दातांनी स्वतःचा ओठ फोडला, रक्त हनुवटीवर आलं, पण हात त्याच्या हवाली करून उभी राहिली. तेव्हा मी मध्ये पडले. माणूस माझ्या दुप्पट वजनाचा. कमरेवरून आडवा केला आणि त्याचा पिठाचा हात पेचात घेतला. थोपटायचं असतं हे त्या बापड्याला कुठून ठाऊक? तो नुसता बोंबलत होता. सोडला. उठून त्याने नाक पुसलं आणि विचारलं, पोरींना हेच शिकवता का. मी म्हटलं, हेच, आणि आत्ता सोडलं तेही. मग तो बाकावर बसून लहान मुलासारखा रडला.

आता तुझा सवाल. पेच माझ्याकडूनच शिकली. तो कोपर मोडण्यासाठीच आहे, मी कधी नाकारलं नाही. म्हणून तर त्याला थोपटण्याचं दार ठेवलं आहे. तू पेच ठेवलास आणि दार भिंत घालून बंद केलंस.

हे मी ऐकीव सांगत नाही. बेकरीवालीला भेटायला गेले होते. हात प्लास्टरमध्ये, आणि तिची तक्रार काय, तर एका हाताने खेळता येत नाही ही दुसऱ्या भागातली सगळ्यात मोठी खोट! तिने मला शेजारी बसवून खेळायला लावलं. मी तरसबाई घेतली. डावं पाऊल आधी टाकायची माझीच खोड, खांदा पाडायची माझीच लकब. दोनदा मार खाल्ला, तेव्हा बेकरीवाली म्हणाली, आजी, तुमच्यापेक्षा आमचं मांजर बरं खेळेल. तिसऱ्यांदा पेच बसला. समोरच्याने थोपटलं. मी तोडायचं बटण दाबलं नाही. तर तुझी तरसबाई त्याचा हात जबड्यात धरून नुसती उभी! तो थोपटतो आहे, ती धरून आहे, वेळ संपेपर्यंत. सगळी बटणं दाबून पाहिली. सोडायचं बटणच नाही.

तुझ्या पानांच्या तळाशी एक अभिप्राय आहे, तो तू वाचलेला दिसत नाहीस. “पहिल्या भागात ती परत बाई व्हायची. आता होत नाही. मग रूप बदलते असं कशाला म्हणायचं? नुसतं तरसच आहे की.” कोण आहे कोण जाणे, पण त्याला माझ्याकडून दहापैकी नऊ.

टिचकीबद्दल. ती कुणाला धरत नाही. मॅटवर भिंतीला लागून बसते. जिन्याचा कठडासुद्धा धरत नाही. ही सुट्टी संपायच्या आत तिने एकदा पेच धरून वेळेवर सोडला नाही, तर ती पुन्हा कुणाचाही हात धरणार नाही, मॅटवर नाही आणि बाहेरही नाही. मी यात आयुष्य घालवलं आहे, मला हे कळतं. तिचं मी बघते, तू तुझं बटण बघ.

आशीर्वाद आहेतच.

आत्या

२० मे

प्रिय बाबा,

आत्याआजीने सांगितलं म्हणून लिहिते आहे. मी बरी आहे.

तू फोनवर म्हणालास, तो अपघात होता. नव्हता, बाबा. तिने थोपटलं आणि माझ्या अंगात आनंद झाला. घरी खेळताना व्हायचा तसाच. तो आनंद मला अजून आठवतो आणि हात धुवावेसे वाटतात. बेकरीवाली मला भेटते. तिच्या प्लास्टरवर तिने माझ्याकडून तरस काढून घेतलं आणि त्याला मिशा काढायला लावल्या. ती हसते, मला हसता येत नाही.

आत्याआजी रोज माझ्यापुढे हात करते आणि धर म्हणते. माझ्याने होत नाही. तिचं हाड म्हातारं आहे. मग ती म्हणते, म्हातारी असेल तुझी तरसबाई.

तू माझा अभिप्राय मागितला होतास. दुसरा भाग पहिल्यापेक्षा खूप चांगला आहे. मला तो परत कधीच खेळायचा नाही.

आईला सांग, मी जेवते.

टिचकी

११ जून

ती. आत्यास सा. न. वि. वि.

टिचकीचं पत्र आलं त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवसापासून बटण करायला घेतलं. साहेब नाही म्हणाले. मी त्यांना तुझं पत्र वाचून दाखवलं. ते म्हणाले, तुमच्या आत्यांना नोकरीवर घेऊ का? शेवटी मागच्या आठवड्यात दुरुस्ती बाहेर पडली. तोडायचं बटण आहे, आता शेजारी सोडायचंही आहे. सोडलं की तरसाची बाई होते आणि अंबाडा बांधते.

लोक पिसाळले. “तरसबाईला म्हातारचळ लागला.” “ज्याने हे केलं त्याचे हात तोडा, मग बघू थोपटतो का.” हा दुसरा अभिप्राय हजारोंना पटला. कुणीतरी घराचा पत्ता शोधून काढला. शनिवारी जेवताना खिडकीतून दगड आला, जाहिरातीतल्या तरसबाईच्या चित्रात गुंडाळलेला. माझं कपाळ फुटलं, टाके पडले, ताटात काचा आणि रक्त. ही म्हणते, तेवढाच चेहऱ्याला रुबाब आला. पण ती आता पडदे उघडत नाही.

मला मोटारींच्या शर्यतीच्या खेळावर टाकलं आहे. जाता जाता आकडे पाहून आलो. थोपटल्यावर दहातले तीन जण सोडतात. साहेबांना तीन फार वाटतात. तुला किती वाटतात?

टिचकीला टाक्यांचं सांगू नकोस. तुझी माया असू दे.

भोवरा

२५ जून

चि. भोवरा यास अनेक आशीर्वाद. कपाळ जप.

टाक्यांचं मी टिचकीला सांगितलं. तिच्यापासून लपवायचं असेल तर मला लिहू नये.

काल बेकरीवाली हॉलमध्ये आली. प्लास्टर निघून बरेच दिवस झाले. तिचा व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी मॅटवर उतरायला हरकत नाही म्हटलं, जोर न लावता. आल्या आल्या ती टिचकीपुढे आडवी पडली आणि मोडलेलाच हात पुढे केला. म्हणाली, धर. टिचकी मागे सरकली. मग बेकरीवालीने तोंड सोडलं. तरसबाई म्हणे! उंदीर आहेस उंदीर, माझा हात मोडायला हात होते आणि आता गळून पडले का? सगळा हॉल थांबला. तिचा बाप दारातून पुढे आला, मी त्याला हाताने अडवलं. या वेळी तो अडला.

टिचकीने हात धरला. मांड्यांमध्ये घेतला, कोपर नीट बसवलं. पेच लागला. टिचकीच्या मानेची शीर तटतटली, जबडा आवळला गेला. मी ते पाहिलं आणि माझंही पाऊल पुढे पडलं. बेकरीवालीने थोपटलं.

टिचकीचे हात उघडले. इतके झटकन की बेकरीवालीचा हात मॅटवर आपटला, आणि ती कळवळून म्हणाली, अगं गाढवे, सोडायचं म्हणजे फेकायचं नसतं! मग दोघी तिथेच पडून रडल्या, मी पाच मिनिटं रडू दिलं आणि पुन्हा करायला लावलं. उजवीकडून, डावीकडून, एकूण वीस वेळा. विसाव्या वेळी टिचकीने हात सोडून खाली ठेवला, ठेवावा तसा.

दहातले तीन हे फार की थोडे, ते मला विचारू नकोस. माझ्या हॉलमध्ये दहातले दहा लागतात.

टिचकीला आज गाडीत बसवलं आहे. सोबत पाठवलेलं ताडून घे:

मुलगी एक, दोन्ही कोपरं शाबूत, हात उघडतात.
तिचा ज्युदोचा पोशाख, धुतलेला.
‘पालट’चा दुसरा भाग, बेकरीवालीने दिलेला, तुझ्या दुरुस्तीसकट. ती म्हणते, आता दोन हातांनी खेळून कंटाळा आला.
प्लास्टरचा तुकडा, मिशावाल्या तरसाचा. टिचकीने मागून घेतला.
बेकरीवाल्याकडून पाव, दोन. एक टिचकीला, एक तुला. त्याने स्वतः आणून टिचकीच्या हातात दिले, आणि तिने धरले.

आत्या