गळतीचं कारण

३ नोव्हेंबर, सोमवार
विजेचं बिल वीस टक्क्यांनी खाली आणायचं — नाहीतर एक माणूस कमी. मुदत महिनाअखेर. विनायक सरांनी हे चहा ढवळत सांगितलं. परदेशी ऑर्डरी निम्म्यावर आल्यात, त्यात त्यांची चूक नाही. "मयुरा, तू बिजलीचं बघ. माणसाचं मी बघतो." कोणता माणूस, ते मी विचारलं नाही. गरज नव्हती. शॉपच्या नऊ जणांत पत्रा ठोकणाऱ्या प्रेसवर काम न करणारे दोघंच — मी आणि मेंटेनन्सचे गुणवंतकाका. मला तर काम दिलंय.

५ नोव्हेंबर, बुधवार
दिवे, पंखे, ऑफिसचा एसी — सगळं मिळून बिलाच्या सहा टक्के. तिथे काटकसर म्हणजे फक्त मनाचं समाधान. निम्म्याहून जास्त वीज एकटा कॉम्प्रेसर खातो. दिवसभर धडधडणाऱ्या सगळ्या प्रेस हवेच्या दाबावर चालतात, आणि ही हवा कुठेतरी फुकट जातेय असा संशय. रविवारी शॉप बंद असताना मोजायचं.

काकांना सांगितलं तर हसले. "मोजताय काय मॅडम? रोज सकाळी कान लावून फिरतो मी. बावीस वर्षं फौजेत गाड्या अशाच तपासल्या, नऊ वर्षं इथं. तुम्हा पुण्याच्या लोकांचा माणसापेक्षा मीटरवर विश्वास!"

खरं आहे. पण सगळ्या पुण्याला कशाला त्यात ओढायचं.

९ नोव्हेंबर, रविवार
सगळ्या प्रेस बंद. हवा कोणी वापरत नाही, तरी कॉम्प्रेसर दर दहा मिनिटांतली तीन मिनिटं हवा भरतच होता. म्हणजे तीस टक्के गळती! दहाच्या आत हवी.

मग साबणाचं पाणी आणि ब्रश घेऊन एकेक सांधा. चार नंबरच्या प्रेसपाशी फुसफुस इतकी स्पष्ट होती की मला ती दारातून ऐकू आली. काका वाकले, सांध्याला जवळजवळ कान टेकवला. म्हणाले, "इथं ठीक आहे. पुढं चला."

वाटलं, चेष्टा करतायत. मी ब्रश फिरवला. मुठीएवढा फेस फुगून वर आला.

काका फेसाकडे बघत राहिले. मग पँटला हात पुसला आणि म्हणाले, "सतराचा पाना द्या."

संध्याकाळपर्यंत तेवीस गळत्या सापडल्या, एकवीस बंद केल्या.

१० नोव्हेंबर, सोमवार
आज नीट लक्ष दिलं. मी पाठमोरी बोलले की काका उत्तर देत नाहीत.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
चार दिवसांचं रीडिंग : बावीस टक्के कमी. झालं काम! सर एकदम खूश — "कमाल है यार!" आणि लगेच दुसरा प्रश्न. "पण इतकं लीक होतं, तर आपले काका करत काय होते? लिहून दे मला. कारण काय."

रिपोर्टमध्ये 'कारण' असा रकाना आहे. 'जुने वॉशर' लिहिता येईल. खोटं नाही, पण अर्धंच. रकाना रिकामा ठेवून घरी आले. हे मी याआधी कधी केलेलं नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार
काकांना सरळ विचारलं. "माहीत आहे मला," म्हणाले. "दोन वर्षं झाली. मुलीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष आहे. ते होईस्तोवर रेटणार होतो."

मी म्हटलं, आधी कान तपासून घ्या.

"त्या काचेच्या खोलीत एकटा बसू? कैद्यासारखा? तुम्हीही बसा, मग मी बसतो."

ठीक. गुरुवारी दोघांची वेळ घेतली.

१७ नोव्हेंबर, सोमवार
काकांनी आपणहून जाऊन सरांना सांगितलं! मी तिथेच होते. सर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं. अगदी मऊ आवाजात म्हणाले, "अरे काका, तोफांजवळ राहिलात तुम्ही, कान फौजेतच गेला असणार. आपल्या शॉपचा त्यात काय संबंध? दोन महिन्यांचा पगार देतो, मान-सन्मानाने निरोप देऊ."

"मी तोफखान्यात नव्हतो साहेब. वर्कशॉपात होतो."

"वही तो. आवाज तिथेही असणारच."

काका म्हणाले, "बरोबर आहे साहेब."

कान शॉपच्या आवाजाने गेला याचा माझ्याकडे पुरावा नव्हता. पुराव्याशिवाय बोलू नये असं मी मानते. आज पहिल्यांदा वाटलं, हा नियम आहे की सोय?

२० नोव्हेंबर, गुरुवार
तपासणी झाली. काकांचा आलेख तीन हजार हर्ट्झपर्यंत सरळ, पुढे एकदम खाली — म्हणजे फुसफुशीसारखे बारीक आवाज ऐकूच येत नाहीत. बाहेर आल्यावर म्हणाले, "आता छापील झालं." मेट्रोत मला जागा धरून ठेवली.

माझा कागद मी तेव्हा उघडला नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
'कारण'च्या रकान्यात लिहिलं : शॉपमधला आवाज. पुरावा म्हणून एकच आलेख जोडला — माझा. डावा कान, चार हजार हर्ट्झला खड्डा — मोठ्या आवाजात रोज काम करणाऱ्यांना पडतो तोच. वय सत्तावीस. या शॉपमध्ये चार वर्षं.

मी फौजेत नव्हते.