माळ्यावरच्या गोणी आणि ट्रेंडचे पुस्तक

१० मार्च
वाचनालयाच्या प्राजक्ताने आज एक जाडजूड पुस्तक हातात ठेवले. भावाचा ट्रेंड बघून ट्रेडिंग कसे करायचे, त्यावरचे. म्हणाली, भिकाजीकाका, सगळे याचे फार कौतुक करतात. अशी आणखी मागवायची की नाही ते वाचून सांगा, कमिटीला रिव्ह्यू हवाय. माणूस बरोबर निवडलाय. एस.टी.त कंट्रोलर होतो, खोटा पास लांबून ओळखायचो.
मागच्या कव्हरवर स्तुतीच स्तुती. करणारे सगळे स्वतः असलीच पुस्तके लिहिणारे. संशय सुरू.

१२ मार्च, दुपारी
सार एवढेच: भाव चढतोय तोवर माल धरून ठेवा. आपण आखलेल्या रेषेखाली आला, की विचार न करता विका. बाकी सगळी पाने जिंकलेल्यांच्या गोष्टींची. हरलेले कुठे गेले? आणि एवढी कमाई होत असेल तर हा गृहस्थ पुस्तके कशाला विकत बसलाय?
नर्मदेला मोठ्याने वाचून दाखवले. बायकोला फसवणूक ओळखता यावी म्हणून. ती कुळीथ निवडत होती. मान हलवली. किती समजले, शंकाच आहे.

१५ मार्च
ठराव: रिव्ह्यू पुराव्यानिशी द्यायचा. शेअरबाजारात पाऊल टाकणार नाही, तिथे सगळे लबाड. प्रयोग घरच्या काजूवर. नर्मदेच्या माहेरच्या झाडांची बी माळ्यावर आहे, दोन गोणी. ती विकून तिला घरघंटी घ्यायचीय, वाडीतली दळणे घेणार म्हणते. दरवर्षी काहीतरी आडवे येते. म्हटले, यंदा नक्की. फक्त विकायचे कधी, ते मी ठरवणार.
पडवीच्या भिंतीवर कोळशाने चार्ट काढला. ही भिंत पुसणार कोण, असे नर्मदेने विचारले. संशोधनाची कदर नाही.

२८ मार्च
भाव चढला. रेष वर सरकवली. नर्मदा म्हणाली, विकूया का? म्हटले, पुस्तक नको म्हणतेय.
पुस्तक आतापर्यंत बरोबर निघतेय. म्हणजे नक्की काहीतरी गोम आहे.

९ एप्रिल
नाक्यावरच्या बाबली व्यापाऱ्याने आज भाव उतरवून सांगितला. रेषेच्या खाली. पुस्तकाप्रमाणे विकायला हवे. पण बाबली सांगतो म्हणून? तो माणसाचे तोंड बघून भाव सांगतो.
भिंतीवर खूण केली. नर्मदेला सांगितले, पुस्तक विका म्हणतेय, पण मी फसणारा नाही. तिने बाबलीचा भाव पुन्हा एकदा विचारून घेतला. पटले असावे.

१३ एप्रिल
खात्री करायला खारेपाटणला जाऊन आलो. गाडी लेट. माझ्या वेळी असे नव्हते. तिथला व्यापारी बाबलीपेक्षाही कमी सांगतो. म्हणजे बाबलीने फोन केला.
गोणी खालून बघितल्या. जागेवर आहेत. गुडघ्यामुळे माळ्यावर चढत नाही.

२१ एप्रिल
भाव आणखी खाली. जेवण जात नाही. घरघंटीचा विषय निघेल म्हणून नर्मदेसमोर बसायची लाज वाटते. ती मात्र गुणगुणत कामे करते. बिचारी.

२४ एप्रिल
देवळात कौल लावला. शंकर गुरवाने पाषाणावर ओल्या कळ्या चिकटवून गाऱ्हाणे घातले, "बा देवा म्हाराजा, तुझ्या ह्या लेकरान एक पुस्तक वाचल्यान हा. त्या पुस्तकाचा ऐकान काजी इकूची तर उजवो कौल दी म्हाराजा." मागचे चौघे म्हणाले, "व्हय म्हाराजा."
उजवी कळी लगेच पडली. विका. पण इतकी लगेच? वर पंखा चालू होता. शिवाय शंकर हा बाबलीचा मेव्हणा. पंखा बंद करून पुन्हा लावा म्हटले, तर शंकर रागावला.

२ मे
रिव्ह्यू दिला. 'पुस्तक दिशाभूल करणारे. प्रत्यक्ष प्रयोगात मोठे नुकसान. आणखी मागवू नयेत.' प्राजक्ताने तो बोर्डावर लावला. बरे वाटले.
घरघंटी पुढच्या वर्षी, हे नर्मदेला उद्या सांगायचे. वाक्ये जुळवून ठेवलीत.

३ मे, सकाळी
दारात टेम्पो. म्हणे घरघंटी आणलीय. हल्ली असेच फसवतात. आम्ही मागवलेली नाही, पैसे मिळणार नाहीत, असे ठणकावले. ड्रायव्हर म्हणाला, पैसे आधीच मिळालेत. हा तर नवाच प्रकार! पोलिसांचे नाव घेतले.
नर्मदा हात पुसत बाहेर आली. ड्रायव्हरला म्हणाली, पडवीत ठेवा. मग माझ्याकडे वळली. "भाव रेषेखाली गेलो की इचार न करता इकूचा, असा तुमीच वाचून दाखवलात. मी त्याच दिवशी बाबलीक इकलंय."
मग माळ्यावर काय आहे, विचारले.
"करवंट्यो. तुमी रोज वर बघीत होतास. रिकामी गोणी दिसली आसती तर तुमका झोप इली नसती."

३ मे, संध्याकाळी
शिडी लावून चढलो. करवंट्याच आहेत.
वाचनालयात जाऊन रिव्ह्यूखाली दुरुस्ती लिहिली: 'पुस्तक उत्तम, जरूर मागवावे. मात्र घरात मोठ्याने वाचावे.' बोर्डासमोर बाबली उभा होता. दोन्ही मजकूर त्याने दोनदा वाचले.
घरघंटी नेमकी चार्टच्या पुढ्यात ठेवलीय. आता भिंत पुसायला नको. पहिले दळण बाबलीकडचे आले. डबा पोचवायला मी चाललोय.