तळं नितळ झालं

३ एप्रिल
पिंपातली वाळूची गाळणी, पाण्याची पातळी दाखवणारी तरंगती पट्टी, पाठ टेकायला दोन बाक, हत्यारांची पेटी आणि या वहीची शिवण: टेम्पोतून उतरवलेलं हे सगळं माझ्या हातचं. शाळा सातवीत सुटली, पण पंपाचं दुखणं मी कानाने ओळखतो. तळ्याकाठच्या या पंपघरातून साऱ्या शहराला पाणी जातं. आता ते माझ्या हाती यायचं. मागे दोन खोल्या. बायको म्हणाली, चला, आता तरी एक घागर न सांगता भरून द्याल.

९ एप्रिल
जुने ऑपरेटर किल्ल्या देऊन गेले. पाण्यावर शेवाळाची हिरवी साय पूर्वी दहा वर्षांतून एकदा यायची म्हणे. आता पाऊस तोकडा, तळं निम्म्यावर, पाणी कोमट, म्हणून दरसाल. जाताना म्हणाले, "जिवंत आहे तोवर विष तिच्या पोटात असतं. अडवा, गाळा, पण मारू नका." म्हातारा शेवाळालाही भितो.

२२ एप्रिल
साय पंपाच्या तोंडापर्यंत आली. पाण्याला कुबट वास. फाटकाशी एका बाईने सगळ्यांदेखत विचारलं, "ऑपरेटरसाहेब, पाणी सोडताय की रंग?" झोंबलं. साय मारायला मोरचुदाच्या चार गोण्या आणल्या. निळे खडे गोणपाटात बांधून होडीमागून तळंभर ओढले. अक्कल माझी, कुणाची उसनी नाही.

२५ एप्रिल
तळं काच झालं. पेल्याआडून वर्तमानपत्रातलं बारीक अक्षर वाचलं. पहिला पेला बायकोला, दुसरा मला. नमुना तपासणीला पाठवला. गरज नव्हती, पण कळू दे त्यांनाही.

२७ एप्रिल
काठावर नऊ बदकं मेलेली. उन्हाने असतील. बायकोला पहाटेपासून उलट्या. पाणी दहा मिनिटं उकळून पाजतोय, घड्याळ लावून.

२८ एप्रिल
तपासणीवाल्या बाईंचा फोन. आधी एवढंच विचारलं, साय मारलीत का. म्हणाल्या, मारली की तिचं पोट फुटतं, विष पाण्यात उतरतं. वाळूत अडकत नाही. उकळून जात नाही. "मुख्य झडप बंद करा. आत्ता."
केली. पण तीन दिवस साऱ्या शहराला मीच —

२९ एप्रिल
बायकोचे डोळे पिवळे. दवाखान्याचा फोन लागत नाही. सगळं शहर तोच नंबर फिरवतंय.
तळ्याचा तळ दिसतो. दगडन्‌दगड. इतकं नितळ —

३० एप्रिल
दवाखान्याची गाडी आली नाही. फाटकाशी माणसं, रिकाम्या घागरी. नुसती उभी.
ती पाणी मागते. घरात दुसरं नाही. मलाही उलट्या — अक्षर वाकडं येतंय —
जुने ऑपरेटर किल्ल्या देताना म्हणाले होते, पाऊस येईपर्यंत थांबतो, तळं कळेल तुम्हाला. तुमच्या पगारातून महिना चार हजार द्या. चार हजार. मी म्हटलं, मला शिकवणारा अजून जन्माला —