पत्र्यावरचा हात

३ फेब्रुवारी १९८६
आज निपाणीत कामाला लागलो. शहापुरात वडिलांच्या हातमागावर बसायला कधी मन लागलं नाही. रेडिओ-टीव्ही दुरुस्ती शिकलो त्याचं आज सार्थक झालं. मारुतीरावांनी स्टँडजवळ व्हिडिओ गेमचं दुकान काढलंय. वर राहायला खोली, जेवण त्यांच्याच घरचं. माणूस लई दिलदार. बाकीची मशीनं ठणठणीत आहेत. कोपऱ्यातलं जुनं तेवढं मधेच बंद पडून पुन्हा सुरू होतं. सप्लायचा दोष, दुसरं काय! किरकोळ काम.

५ फेब्रुवारी
कंडेन्सर बदलले, फ्यूज साफ केला, ट्रान्सफॉर्मर तपासला. सगळं नीट. तरी पाच व्होल्ट हवेत तिथं मीटरचा काटा चारच्या आसपास डुलतो आणि खेळ बंद पडतो. एक गंमत दिसली. मशीनच्या पत्र्यावर हात टेकला की काटा पाचवर जाऊन ठाम उभा राहतो. हात काढला की पुन्हा खाली. अर्थिंग कच्चं असणार. उद्या नवी तार ओढतो.

८ फेब्रुवारी
नवं अर्थिंग झालं. फरक नाही. हात ठेवला तरच चित्र स्थिर. झटका बसत नाही, मुंग्याही येत नाहीत, उलट बरं वाटतं. दुपारभर तसाच टेकून बसलो होतो, हे मारुतीरावांनी हाक मारल्यावर कळलं. जिना चढताना मधेच दोनदा पायरीवर बसावं लागलं.

११ फेब्रुवारी
आधीचा मेकॅनिक यमनाप्पा काम सोडून गेला, असं मारुतीराव म्हणाले होते. आज त्याची बायको दुर्गाबाई आली. म्हणाली, सोडून गेला न्हाय, खंगून मेला. तोही असाच टेकून बसायचा. उंबऱ्याच्या आत आली नाही. “आण्णा, ह्या मशीनपाशी बसू नका. घरला जावा.” मारुतीरावांनी मान खाली घातली.
आरशात पाहिलं. गालफडं बसलीत.

१२ फेब्रुवारी, सकाळ
बॅग भरून खाली आलो. त्या मशीनभोवती पोरं उभी. तळहात पत्र्यावर, डोळे मिटलेले. खेळ आपला आपण चाललेला. हाका मारून मारून एकेकाला शुद्धीवर आणलं, बाहेर घालवलं. मारुतीरावांना सांगितलं, दुकान बंद करा. हे मशीन मोडल्याशिवाय मी जात नाही.

दुपार
मेन स्विच पाडला. प्लग उपटून बाजूला टाकला. चित्र चालूच—
मीटर लावला. पाच. कुणाचाच हात नाही, मी तर लांब—
लांब नव्हतो. डावा हात कधी टेकला कळलं नाही.

नंतर
सुटत नाही. पाय लावून ओढला. दुखत नाही, हेच भयंकर. वही गुडघ्यावर—
मारुतीराव शटर उचलून आलेत. रडताहेत. एका हातानं माझा दंड धरलाय, जोर लावायला दुसरा पत्र्यावर टेकू बघतात— आवाज फुटत नाही— लिहून दाखवतो— मारुतीराव, मागं व्ह