बांधावरच्या जांभळाची वाइन

प्रिय बाबा,

खोटं बोलली होती मी तुमच्याशी. तुम्ही जाऊन दीड वर्ष झालं, पण काल यवतमाळले जे झालं त्याच्यानंतर लपवणं जमत नाही, म्हणून लिहून राह्यली.

आपल्या बांधावरची जांभळं सरबताच्या कारखान्यात जातात, असं सांगतलं होतं ना तुमाले? नाही जात, बाबा. वाइनमध्ये जातात. घ्या, सांगून टाकलं!

तुम्ही काय म्हटलं असतं, मले माहीत आहे. "माह्या पोरीनं दारूले माल देल्ला?" गावातलं दारूचं दुकान बंद करायले बायांच्या मोर्चात पुढं चालणारे तुम्ही. लग्नात कोणी पिऊन आला तर पंगतीतून उठवणारे तुम्ही. तुमाले कोणत्या तोंडानं सांगू? पण काहून इतकी भेली मी? एकदा विचारून तर पाहायचं होतं.

तर काल एका लग्नाच्या लॉनवर वाइनचा मेळा होता. आपल्याकडच्या फळांची वाइन कशी बनते थे सांगणार, चाखायले देणार. आपली जांभळं घेऊन वाइन बनवणाऱ्या ताईनंच बोलावलं. "सुमनताई, तुमच्या फळाचं काय होते, एकदा डोळ्यानं पाहा." म्हटलं, उखळात डोकं घातलंच आहे तर मुसळाले काय भ्यायचं!

तिथं फजितीच झाली. ताईनं काचेचा गिलास हाती देल्ला आणि मी मान मागं करून सरळ वरून तोंडात ओतला! आपल्या घरची सवय, गिलास उष्टा करायचा नाही. अर्धी वाइन नाकात, अर्धी पदरावर. बाजूची बाई म्हणे, "अवो बाई, पहिले वास घ्या, मग ओठ लावून प्या. तीर्थ नाही थे!" सारे हासले. मी पण हासली.

दुसऱ्या खेपेले नीट घेतली. खरं सांगू? फार काही आवडली नाही. तुरट लागते, गोड तर नाहीच. दोन घोट घेऊन ठेवून देल्ला गिलास. चढली-बिढली नाही, घाबरू नका.

मग ताई माइकवर सांगायले लागली. फळाले माती लागली की वाइन बिघडते, वास मारते. म्हणे, "एका बांधावरचा माल मले निवडावाच लागत नाही. तिथं भुईवर पडलेलं जांभूळ टोपल्यात जातच नाही." आणि तिनं आपल्या गावाचं नाव घेतलं! अंगावर काटा आला माह्या.

ही शिस्त कोणाची, बाबा? तुमचीच ना! झाडाखाली चार कोपरे धरून लुगडं ताणायचं, फांदी हळू हलवायची, खाली पडलं थे पाखराचं. आम्ही एखादं उचललं की ओरडायचे, "ठेव थे खाली! लोकाच्या तोंडात जाते, माती खाऊ घालतं का?" किती राग येई मले. भारी कटकट्या माणूस, वाटे. काल त्याच कटकटीले टाळ्या पडल्या! छाती फुगली माही.

नंतर ताईनं बाजूले घेऊन विचारलं, "या वाइनले तुमच्या बाबांचं नाव देऊ का? बाटलीवर छापते."

भुलली मी, खोटं काहून बोलू? दुकानादुकानात तुमचं नाव! पण मग तुम्ही डोळ्यापुढं आले, मोर्चातले, घोषणा देऊन घसा बसलेले. म्हटलं, "नाही ताई. बाबांनी हे चालू देल्लं नसतं. त्यांच्याशी एक खोटं बोलली, तेवढं पुरे."

"इतका मान सोडून देता?"

"हाव," म्हटलं. रडू आलं, पण म्हटलं.

जांभळं देणं मात्र मी बंद करणार नाही. रागवायचं तर खुशाल रागवा, मी तुमचीच पोरगी आहे, हट्ट तुमचाच उचलला. पण वचन देते, बाबा. बाटलीवर तुमचं नाव कधी येणार नाही. यंदा माल निघाला की एकेका टोपल्यावर मी माह्या हातानं तुमचं नाव लिहीन, आणि त्या टोपल्यात मातीत पडलेलं एकही जांभूळ सापडणार नाही.

तुमची खोटारडी पोरगी,
सुमी