कन्नोदकरांचा राजीनामा

३ जानेवारी २०२५

शेजारचा यशवर्धन पेटी ठेवून गेला. त्याच्या पणजोबांचे मोडी कागद. गोविंदराव कन्नोदकर — दरबाराला पैसा पुरवणारे साहुकार, मग इंदूर नगरपालिकेचे अध्यक्ष. सराफ्यामागच्या चौकाला आता त्यांचं नाव देतायत. "काकू, छोटीसी पुस्तिका. बस, छान छान लिहा!" शाळेतून रिटायर होऊन तीन वर्षं झाली, पण मोडी अजून वाचता येते. बरं वाटलं.

५ जानेवारी

माणूस मोठाच! प्लेगच्या साली स्वतः जुन्या इंदुरात दारोदार फिरले. आजारी माणूस गावाबाहेरच्या छावणीत पाठवायचा, लपवला तर दंड. लोकांनी दगड मारले — हटले नाहीत. आणि मग एकाएकी राजीनामा. घरचे म्हणतात, दरबाराशी बिनसलं.

८ जानेवारी

चिठ्ठी सापडली. त्यांच्या बायकोची, गंगूबाईंची. माडीवरून खाली नवऱ्याला पाठवलेली. "मला छावणीत न्यावे. मुलांस रोग लागेल." खाली त्यांचं अक्षर — "तुला त्या झोपडीत कशी टाकू?"

नऊ दिवस लपवलं. त्या गेल्या. मागोमाग धाकटी मुलगी. आणि हे दिवसभर दुसऱ्यांची दारं ठोठावत होते!

जेवण गेलं नाही.

९ जानेवारी

यशवर्धनला सांगितलं. "रहने दो नं, काकू! शंभर वर्षं झाली. आता कोणाला काय फायदा?" मी लगेच हो म्हटलं. इतक्या लगेच?

१२ जानेवारी

राजीनाम्याचा मसुदा मिळाला. दरबाराचं नावसुद्धा नाही त्यात! "ज्या गुन्ह्याबद्दल इतरांस दंड केला, तो माझ्या घरी मीच केला. हे सभेत मोठ्याने वाचावे." वर थोरल्या मुलाने लिहिलंय — "हा पाठवू नये. दुसरा द्यावा."

म्हणजे त्यांना सांगायचं होतं. घरच्यांनी दाबलं.

यशवर्धनला बोलावून वाचून दाखवला. शेवटची ओळ त्याने पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाला, "मोठ्याने वाचा म्हणालेत नं? मग चौकात मीच वाचतो."

१३ जानेवारी

सकाळी मुलाला, निखिलला, पुण्याला फोन केला. म्हटलं, बाळा, कोरोनात तुझे बाबा गेले, तेव्हा त्यांना ताप मी सांगितला तसा दोन दिवस नव्हता, सहा दिवस होता. ते रोज म्हणत होते — दवाखान्यात ने. मीच नेलं नाही. भीती वाटली, नेलं तर परत येणार नाहीत.

 त्याने फोन ठेवला नाही.